कोनाचं आयकाचं हाये?

रिसोडला एसटी स्टँडवरून बाजार समितीकडे जाताना डाव्या हाताला एका दुकानाच्या पाटीवर ‘रेडिओ दुरुस्ती’ ही अक्षरे अजून पुसट दिसतात. त्यावर निळा रंग मारून ‘कानाची मशीन’ असे लिहिले आहे. मालकाचे नाव पाटीवर नाही. दामोदर इंगोले यांना त्याची गरज कधी वाटली नाही.

आमच्या वर्तमानपत्राचे तालुका कार्यालय या दुकानाला लागून होते. मधली भिंत एका विटेची. बातमी लिहिताना पलीकडचे बोलणे कानावर पडायचे, कारण तिथे येणारे नातेवाईक आपल्या माणसाशी ओरडूनच बोलत. इंगोले मात्र हळू बोलत. ‘बोंबलू नका,’ ते नातेवाइकांना सांगत, ‘बोंबलल्यानं आवाज मोठा होते, साफ नाई होत.’

नऊ वर्षांत त्या भिंतीपलीकडून सर्वाधिक वेळा ऐकू आलेला प्रश्न त्यांचाच होता. माणूस खुर्चीत बसला, पाणी प्याला, की ते त्याच्या समोर स्टूल ओढून बसत आणि विचारत, ‘कोनाचं आयकाचं हाये?’

माणसे गोंधळत. त्यांना कोणती मशीन चांगली, कोणती दिसत नाही, एवढेच विचारायचे असे. बहुतेक जण म्हणत, ‘सगळ्यायचं.’ हे उत्तर इंगोले घेत नसत. ‘सगळ्यायचं आयकाची मशीन कोनी बनवली नाई अजून. एक मानूस सांगा. नाईतं एक जागा सांगा.’

धनजचे एक निवृत्त शिक्षक दोन एसट्या बदलून त्यांच्याकडे आले होते. शहरातून घेतलेली चांगली मशीन त्यांच्याकडे होती, तरी समाधान नव्हते. त्यांनीही आधी ‘सगळ्यांचं’ म्हटले. मग बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘विहारात माझ्या मागं बसतात त्यायचं.’ रविवारी गावच्या बुद्धविहारात वंदना तेच सांगत. समोर मूर्ती, पाठीमागे लोक. आपण एक ओळ म्हणायची, लोकांनी ती मागून म्हणायची, असा क्रम. पण लोकांचे म्हणून झाले की नाही हे त्यांना कळेनासे झाले होते. ते पुढच्या ओळीवर जात आणि मागचे अर्ध्यावर राहत. कोणी त्यांना बोलले नव्हते. फक्त हल्ली दुसऱ्या एकाला पुढे बसवावे अशी कुजबुज होती, आणि ती त्यांच्या बायकोने त्यांना लिहून दाखवली होती.

इंगोलेंनी मशीन हातात घेऊन पाहिली. ती समोरचे बोलणे उचलणारी आणि मागचा आवाज दाबणारी होती. हॉटेलात, बैठकीत बसणाऱ्यांसाठी ती उत्तम. ‘गुरुजी, मशीन चांगलीच हाये,’ ते म्हणाले, ‘पन तिले वाटते तुमी साहेब आहा. लोकं समोर बसत असतीन.’ अकोल्याहून दर मंगळवारी कान तपासायला ऑडिओलॉजिस्ट मॅडम येत. त्यांनी संगणकाला जोडून मशीनची ती सोय बंद केली. नवी मशीन विकली गेली नाही. गुरुजी पुढे बसत राहिले, असे नंतर कळले.

इंगोले मूळचे रेडिओचे कारागीर. त्यानंतर लग्नातले भोंगे, मग टीव्ही, आणि लोक दुरुस्ती सोडून नवीनच आणू लागले तेव्हा कानाच्या मशीन. या धंद्यात आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मिशी काढली. ऐकायला कमी येणारा माणूस ओठ पाहतो, आणि त्यांची मिशी वरच्या ओठावर उतरलेली होती. आमच्याकडे मिशी काढलेला माणूस दिसला की लोक आधी घरात कोणी गेले का ते विचारतात. पहिला महिनाभर रस्त्यात विचारणा झाली. ‘कोन गेलं, भाऊ?’ इंगोले सांगत, ‘कोनी नाई गेलं. गिऱ्हाईक येऊन राह्यलं.’ त्यांची बायको पुष्पाबाई यांना मात्र ते तोंड आवडले नाही. सवय व्हायला वर्ष लागले, असे त्या सांगत.

दुकानातला छताचा पंखा त्यांनी उतरवला होता. पंख्याची घरघर मशीनमध्ये शिरते. वैशाखात येणाऱ्याला पुष्पाबाई पुठ्ठ्याचा एक तुकडा वारा घ्यायला देत.

टेबलावर एक स्टीलची वाटी असे, आणि वाटीत सोयाबीनचे दाणे. नवा माणूस आला की इंगोले एक दाणा काचेवर ठेवत आणि म्हणत, ‘उचला.’ कानाच्या मशीनचा सेल साधारण तेवढाच असतो. तो आठ-दहा दिवसांनी बदलावा लागतो. ज्याला दाणा चिमटीत धरता आला त्याला लहान मशीन, कानाच्या आत बसणारी. ज्याच्या हातून दाणा दोनदा निसटला त्याला कानामागे बसणारी मोठी. पोरे पुण्याहून सांगत की बाबांना न दिसणारीच घ्या, लोक काय म्हणतील. इंगोले फोनवर एवढेच बोलत, ‘तुमच्या बाबाले ती दिसत नाई म्हनजे सापडतबी नाई. सेल बदलाले तुमी येसान काय पुन्याहून?’

मशीन घेतली की तो माणूस एक कार्ड घेऊन जाई. त्यावर इंगोलेंच्या वळणदार अक्षरात लिहिलेले असे: पहिले दोन दिवस घरातले घड्याळ. मग घरातला एक माणूस. मग दोन माणसे. आठवड्याने दुकान. महिन्याने लग्न. पोहरादेवीची यात्रा कार्डावर सगळ्यात शेवटी होती आणि तिच्यापुढे कंसात ‘घाई नाही’ असे होते.

शिट्टीविषयी त्यांचे एक वाक्य ठरलेले होते. मशीन चालू करून मुठीत झाकली की ती बारीक शिट्टी वाजवते. म्हणजे ती जिवंत आहे. पण कानात घातल्यावर वाजू लागली तर मशीनचा कानात बसणारा साचा सैल आहे, आवाज बाहेर निसटून परत आत शिरतो आहे. ‘मुठीत वाजली पायजे, कानात नाई.’ प्रत्येक मशीन देण्याआधी ते दोन्ही तपासत: आधी मूठ, मग गिऱ्हाइकाच्या कानाजवळ आपला कान नेऊन. उपकरणे होती, पण या कामात ते स्वतःच्या कानावर विसंबत. भोंगे दुरुस्त करणाऱ्या माणसाचा कान, असे ते अभिमानाने म्हणत.

ही शिट्टी त्यांना शांताबाईंनी शिकवली, असेही ते सांगत. शांताबाई मोपच्या. दोन एकर वावर आणि दोन म्हशी. इंगोलेंनी धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या उजव्या कानाला मशीन बसवली, कारण कान तपासणीच्या आलेखात उजवा कान बरा होता. आठ दिवसांत शांताबाई परत आल्या आणि मशीन टेबलावर आदळली.

‘म्हैस लात मारून राह्यली.’

‘म्हशीचं आन् मशीनचं काय, मावशी?’

‘मले काय ठाऊक? तुमची मशीन घातली का ती दूध चोरते. काढली का देते. आता तुमीच सांगा, कोनाले ठेवू, म्हशीले का मशीनले?’

इंगोलेंनी दुकानात मशीन दहा वेळा तपासली. दोष सापडला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या जीपने ते मोपला गेले आणि गोठ्यात उभे राहिले. शांताबाई धार काढायला बसल्या, नेहमीप्रमाणे उजवे कानशील म्हशीच्या पोटाला टेकवले, आणि मशीन शिट्टी मारू लागली. शांताबाईंना ती ऐकू येत नव्हती. म्हशीला येत होती. तिने पाय उचलला, आणि बादली इंगोलेंच्या पायजम्यावर आली.

मशीन डाव्या कानाला गेली. ‘म्या मावशीचा कान तपासला,’ ते पुढे कितीतरी वर्षे सांगत, ‘तिचं काम इचारलंच नाई.’ तेव्हापासून ते गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ लागले. पत्र्याचे घर आहे का, चुलीपाशी बसणार का, बाई डोक्यावर पदर घेते का, कारण पदर मशीनवर घासला की वादळासारखा आवाज येतो. हे सगळे ते एका वहीत लिहीत. त्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे ज्याचे ऐकायचे त्याचेही नाव असे. शांताबाईंच्या पुढे ‘सून’ असे होते. सुनेशी त्यांचे पटत नव्हते. ‘ती पाठीमांगं काय बोलते ते मले आयकाचं हाये,’ असे त्यांनी सांगितले होते, आणि इंगोलेंनी कारण चालवून घेतले होते.

मी सांगणार आहे तो प्रसंग गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला.

दुपारी चहाला मी दुकानात बसलो होतो. शांताबाईंची सून मशीन घेऊन आली, आणि बरोबर शांताबाई. सून चिडलेली होती.

‘भाऊ, महिना झाला तुमी पाहून देल्ली. ठीक हाये म्हनले. घरी गेलो तं तेच. कानात घातली का वाजते. लोकं हासतात, बुढीच्या कानात रातकिडा हाये म्हनतात. मंग त्यायनं डब्यात टाकून देल्ली. महिनाभर डब्यात हाये तुमची मशीन.’

इंगोलेंनी ती घेतली, साचा पुसला आणि शांताबाईंच्या डाव्या कानात घातली. लगेच शिट्टी सुरू झाली. बारीक, सरळ, न थांबणारी. इंगोलेंनी आपला कान जवळ नेला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

‘नाई वाजत,’ ते म्हणाले.

सून त्यांच्याकडे पाहत राहिली. ‘बाप्पा! इतकी वाजून राह्यली!’

‘कुठी?’

‘आता! हे आता वाजून राह्यली! काहून खोटं बोलता?’

या दुकानात त्यांना खोटे बोलता असे कोणी म्हणाल्याचे मला आठवत नाही. त्यांनी दुसरा कान जवळ नेला. पुष्पाबाई आतल्या बाजूला गिऱ्हाइकांचे साचे कोमट पाण्यात धूत होत्या. त्यांचा हात पाण्यात थांबला. इंगोले माझ्याकडे वळले. ‘तुमीच सांगा, भाऊ. वाजते का?’

‘वाजते,’ मी म्हणालो.

त्यांनी मशीन शांताबाईंच्या कानातून काढली. ती त्यांच्या तळहातावरही वाजत होती. ते तिच्याकडे पाहत होते. मग त्यांनी सेलचे झाकण उघडले आणि दुकान शांत झाले, म्हणजे आम्हा तिघांसाठी शांत झाले. ‘साचा सैल झाला, मावशी,’ ते म्हणाले. ‘नवा घ्या लागते. माही चूक झाली.’ शांताबाईंना काय झाले हे कळले नव्हते. त्या सुनेला विचारत होत्या, काय म्हणतात, आणि सून पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी सांगत होती.

त्या दिवशी दुकान चार वाजता बंद झाले.

पुढचे तीन आठवडे भिंतीपलीकडून एक नवे वाक्य ऐकू येऊ लागले. इंगोले मशीन दुरुस्त करत आणि सहज बोलल्यासारखे म्हणत, ‘पुष्पा, माहे हात गुतले. वाजते का पाह्य बरं.’ पुष्पाबाई हात पुसून येत आणि सांगत. गिऱ्हाइकाला त्यात काही वेगळे वाटत नसे. दोन मंगळवार मॅडम आल्या आणि गेल्या. तपासणीच्या खुर्चीत इंगोले बसले नाहीत. एका दुपारी मी त्यांना सरळ विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘कमी आयकनाऱ्याच्या हातची मशीन कोन घेईन, भाऊ? खेड्यावरचा मानूस मशीनीवर इश्वास नाई ठेवत. माह्या कानावर ठेवते.’

पुष्पाबाई साचे धुता धुता म्हणाल्या, ‘चस्मेवाला चस्मा लावते तं त्याले कोनी आंधळा म्हनते काय?’

‘चस्मा येगळा.’

‘काहून येगळा?’

इंगोले पुढची मशीन उघडू लागले. त्यांच्या दुकानात हाच वाद रोज कोणीतरी घालत असे. चष्मा चालतो, मशीन का चालत नाही, हे पटवून देताना इंगोलेंना मी कितीदा ऐकले होते. त्या वेळी ते पुष्पाबाईंच्या बाजूचे असत.

तिसऱ्या मंगळवारी पुष्पाबाईंनी मॅडमना आधीच सांगून ठेवले होते. मॅडमनी दुकानातल्या तपासणीच्या काचेच्या खोलीचे दार उघडले आणि म्हणाल्या, ‘काका, बसा. आवाज आला की बोट वर करायचं. नियम तुम्हाला माहीत आहेत.’ इंगोले बसले. कानावर हेडफोन, हात मांडीवर. बाहेरून त्यांचे बोट दिसत होते. सुरुवातीला ते चटकन वर जात होते. मग उशिरा. मग मॅडम बटण दाबत राहिल्या आणि बोट मांडीवरच राहिले. इंगोले काचेतून मॅडमच्या हाताकडे पाहत होते. हात हलतो आहे आणि आपल्याला आवाज येत नाही, याचा अर्थ त्या दुकानात त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नव्हता. मॅडमनी हात टेबलाखाली घेतला.

आलेख त्यांनी स्वतःच वाचला. जाड आवाज ठीक. बारीक आवाजाकडे रेघ उतरत गेलेली. शिट्टी जिथे असते तिथे रेघ खाली होती. ‘किती वर्सं झाली असतीन?’ त्यांनी विचारले. मॅडम म्हणाल्या, तीन-चार तरी. ते वही उघडून मागची पाने चाळू लागले. तीन-चार वर्षांत त्या वहीत किती नावे होती, आणि त्यांतल्या किती मशीन डब्यात पडून असतील, हे ते मोजत असावेत. पुष्पाबाईंनी वही त्यांच्या हातातून घेऊन मिटली.

मग मॅडम त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. ‘कोणाचं ऐकायचं आहे, काका?’

‘सगळ्यायचं,’ इंगोले म्हणाले.

‘हे उत्तर तुम्ही घेत नाही.’

ते थोडे हसले. बाहेर बाजार समितीकडे जाणारे ट्रॅक्टर गेले. ते जाईपर्यंत ते थांबले.

‘शिट्टी,’ ते म्हणाले. ‘मले शिट्टी आयकाची हाये.’

मॅडमनी वहीत तसे लिहिले. नाव: दामोदर इंगोले. पुढे: शिट्टी.

एवढे झाल्यावरही मशीन निवडताना त्यांनी काचेच्या कपाटातून सर्वांत लहान नमुना काढला. कानाच्या नळीत पूर्ण उतरणारा, बाहेर फक्त केसाएवढी दोरी. आलेखाला तोही चालला असता, असे मॅडम म्हणाल्या. इंगोले तो बोटावर घेऊन उजेडात पाहत होते. ‘हे बरी हाये,’ ते म्हणाले. ‘कोनाले समजनारबी नाई.’

पुष्पाबाई उठल्या. वाटीतून सोयाबीनचा एक दाणा घेतला आणि त्यांच्यासमोर काचेवर ठेवला.

‘उचला.’

‘मले नको सांगू.’

‘कोनालेबी सांगता ना? उचला.’

इंगोलेंना आठ वर्षांपासून साखरेचा आजार होता. बोटांची टोके बधिर झाल्याचे ते कधी बोलले नव्हते. स्क्रू खाली पडला की पेचकसाला नावे ठेवत. दाणा पहिल्यांदा निसटून काचेवरच गोल फिरला. दुसऱ्यांदा चिमटीत आला असे वाटले आणि टेबलाखाली गेला. ते वाकून शोधू लागले.

‘राहू द्या,’ पुष्पाबाई म्हणाल्या.

‘थंडीनं बोटं आखडली.’

मार्च लागला होता आणि पुठ्ठ्याचा वारा घेणे सुरू झाले होते. इंगोले सरळ बसले, लहान नमुना पुन्हा कपाटात ठेवला आणि वरच्या फळीवरून कानामागे बसणारी मोठी मशीन काढली. ती कातडीच्या रंगात होती, करड्या रंगात होती आणि काळ्या रंगातही होती. गिऱ्हाइकांना ते कातडीच्या रंगाची सुचवत. स्वतःसाठी त्यांनी काळी घेतली. त्यांचे केस पूर्ण पांढरे आहेत.

जूनमध्ये माझी बदली वाशिमला झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला कार्ड दाखवले, पुष्पाबाईंच्या अक्षरातले. घड्याळ आणि घरातला एक माणूस यांवर खूण झाली होती. ‘तिसऱ्या ओळीवर आलो,’ ते म्हणाले. दुकानातली गर्दी कमी झाली का, हे मी विचारले नाही. बाकावर त्या वेळी चार माणसे बसलेली होती, आणि त्यांतला एक जण इंगोलेंच्या कानाकडे रोखून पाहत आपल्या मुलाला खुणेने सांगत होता: तसली.

त्यानंतर सोयाबीनच्या हंगामात बाजारभावाच्या बातमीसाठी रिसोडला जाणे झाले. रस्ता ट्रॅक्टरांनी भरला होता, हॉर्न वाजत होते, बाजार समितीच्या भोंग्यावरून कोणाचे तरी नाव पुकारले जात होते. दुकानासमोर पोहोचलो तेव्हा काचेतून बाकावर शांताबाई दिसल्या. सून शेजारी बसली होती आणि दोघी कशावरून तरी भांडत होत्या, म्हणजे शांताबाईंना ऐकू येत होते. बहुधा सेल बदलायला आल्या असाव्यात, कारण भांडण मध्येच थांबवून त्यांनी कानातली मशीन काढली आणि इंगोलेंच्या हातात दिली. इंगोलेंच्या स्वतःच्या कानामागे काळी मशीन. समोर तोंड, मिशी नाही.

त्यांनी नवा सेल घातला, झाकण लावले आणि मशीन मुठीत झाकली. रस्त्याच्या गोंगाटात मला काहीच ऐकू आले नाही. इंगोले मान थोडी कलती करून थांबले. मग समोर तपासणारे कोणी नसताना, दुसऱ्या हाताचे एक बोट त्यांनी वर केले.